विकरयुक्त धुण्याची पावडर: माल चांगला, पिशवीवरचा सल्ला वाईट

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या नेहमीच्या किराणा दुकानातून मी धुण्याच्या पावडरीची एक किलोची पिशवी आणली. तिच्यावर ‘एन्झाइमची ताकद’ असे ठसठशीत अक्षरांत छापलेले होते आणि किंमत आमच्या घरी वर्षानुवर्षे येणाऱ्या साध्या पावडरीच्या जवळजवळ दीडपट होती. शाळेत एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवल्यामुळे ‘एन्झाइम’ म्हणजेच पाठ्यपुस्तकातले ‘विकर’ हा शब्द पिशवीवर दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. पिशवीच्या मागच्या बाजूला तीन सूचना होत्या: उत्तम परिणामासाठी गरम पाणी वापरा, हट्टी डागांसाठी पावडरीचे प्रमाण दुप्पट करा, आणि सर्व प्रकारच्या कपड्यांसाठी उपयुक्त. दोन महिने ही पावडर वापरून आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिच्या बऱ्याच परीक्षा घेऊन माझे मत असे झाले आहे की आतला माल दीडपट किमतीला साजेसा आहे, मात्र मागची प्रत्येक सूचना त्या मालाच्या मुळावर येणारी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असाच मजकूर मला दुकानातल्या आणखी दोन पिशव्यांवरही आढळला.

पिशवीत प्रोटिएज, अमायलेज आणि लायपेज अशी तीन विकरे असल्याचे लेबल सांगते. पहिले प्रथिने तोडते, दुसरे पिष्टमय पदार्थ आणि तिसरे स्निग्ध पदार्थ. अशा पावडरींमध्ये विकरांचा वाटा वजनाने सहसा एक टक्क्याहूनही कमी असतो; उरलेले सगळे धुण्याचा सोडा, मळ सोडवणारी रसायने, भरीचे क्षार आणि सुगंध. एवढ्याशा वाट्यासाठी जादा पैसे का मोजावेत, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की विकर हा उत्प्रेरक आहे. सोडा किंवा साबण काम करताना खर्ची पडतो, तर विकराचा रेणू एक बंध तोडून मोकळा होतो आणि पुढच्या बंधाकडे वळतो. त्याच्या अंगावर एक खाच असते, तिला सक्रिय स्थान म्हणतात, आणि ठरावीक आकाराचा रेणूच तिच्यात बसतो. एमिल फिशर यांनी १८९४ साली यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती आजही वर्गात चालते. डॅनियल कोशलँड यांनी १९५८ मध्ये तिच्यात दुरुस्ती केली की हे कुलूप ताठर नसून किल्ली आत शिरताना स्वतःही थोडे वळते. धुण्याच्या बादलीपुरता मुद्दा इतकाच की भाताची पेज तोडणारे विकर रक्ताच्या डागाला ढुंकूनही विचारत नाही.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या ओटो रोम यांनी १९१३ साली जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरे कपडे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट मागितले आणि पुढच्या वर्षी त्यावर आधारलेले ‘बुर्नुस’ बाजारात आले. हे गृहस्थ त्याआधी कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी काम करत होते. त्या धंद्यात कातडे मऊ करायला कुत्र्यांची आणि कबुतरांची विष्ठा वापरण्याचा प्रघात होता. तिच्यातला कामाचा भाग म्हणजे प्रथिने पचवणारी विकरे आहेत हे ओळखून त्यांनी विष्ठेऐवजी स्वादुपिंडाचा अर्क दिला. (वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा लक्ष देत असत.) तथापि, पोटातले विकर सोड्याच्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात फार काळ टिकत नाही, म्हणून ते उत्पादन मर्यादितच राहिले. खरी सोय झाली ती १९६० च्या दशकात, जेव्हा बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून अल्कधर्मी पाण्यातच खुलणारे प्रोटिएज मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. माझ्या पिशवीतले प्रोटिएज त्याच घराण्यातले असणार, असे पुढच्या परीक्षांवरून वाटते.

परीक्षेसाठी मी एक्स-रेची जुनी फिल्म घेतली. जुन्या पद्धतीच्या फिल्मवरचा काळा थर म्हणजे जिलेटिनमध्ये अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण, आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. प्रोटिएजने जिलेटिन तोडले की काळा थर सुटून खाली बसतो आणि मागे निळसर पारदर्शक पट्टी उरते. कपड्यावरचा डाग ‘बराचसा गेला’ की ‘थोडासा राहिला’ यावर घरात दोन मते पडतात. फिल्मच्या बाबतीत तसा वाद होत नाही. पाच वर्षांपूर्वी मोडलेल्या माझ्याच मनगटाच्या फिल्मच्या बोटभर पट्ट्या कापल्या, एक लिटर पाण्यात एक चमचा पावडर विरघळवली आणि स्वयंपाकाचा तापमापक घेऊन बसले.

चाळीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात पट्टी साधारण चाळीस मिनिटांत स्वच्छ झाली. नळाच्या पाण्यात, जे त्या दिवशी चोवीस अंश होते, त्याच कामाला दोन तासांच्या वर वेळ लागला. पंचावन्न अंशांना वीस मिनिटेही लागली नाहीत. साध्या पावडरीच्या पाण्यात चाळीस अंशांना ठेवलेली पट्टी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी काळी होती. इथवर पिशवीवरची गरम पाण्याची सूचना खरी वाटावी असाच प्रकार होता: तापमान वाढले की रेणूंची धावपळ वाढते, विकराची आणि डागाची गाठ वारंवार पडते, आणि ढोबळमानाने दर दहा अंशांमागे वेग दुपटीच्या आसपास जातो.

मग मी त्याच पावडरीचे पाणी दहा मिनिटे खळखळ उकळले, चाळीस अंशांपर्यंत निवू दिले आणि त्यात नवी पट्टी सोडली. सोडा तोच, फेस तोच, वास तोच. पण चार तासांनीही माझ्या मनगटाचे हाड पूर्वीसारखेच स्पष्ट दिसत होते. विकर हे स्वतः एक प्रथिन आहे, लांबच लांब साखळीची विशिष्ट घडी. ती घडी धरून ठेवणारे बंध नाजूक असतात आणि मर्यादेपलीकडच्या उष्णतेने ते सुटले की सक्रिय स्थानाचा आकारच नाहीसा होतो. गाईच्या चिकाचा खरवस एकदा वाफेवर धरला की तो थंड करून पुन्हा पातळ चीक होत नाही, तसेच हे. म्हणजे पंचावन्न अंशांपर्यंत जो मित्र आहे तोच पुढे वैरी होतो, आणि ही सीमा कुठे आहे ते पिशवी सांगत नाही. ‘गरम पाणी’ या शब्दांचा अर्थ आमच्याकडे गिझरमधून वाफाळत येणारे किंवा बंबात उकळलेले पाणी असा घेतला जातो. त्यात पावडर टाकणारा ग्राहक दीडपट पैसे देऊन साधीच पावडर वापरत असतो.

रक्ताच्या डागाचे तर दुहेरी नुकसान होते. जुन्या धोतराच्या दोन तुकड्यांवर बोटाला सुई टोचून एकेक थेंब टाकला आणि दोन्ही वाळू दिले. एक तुकडा सत्तर अंशांच्या पाण्यात बुडवला. पावडर कामाला लागण्याआधीच रक्तातली प्रथिने धाग्यांत शिजून घट्ट बसली आणि तो तपकिरी ठिपका अजून माझ्याकडे आहे. दुसरा आधी गार पाण्यात खळबळून मग कोमट पाण्यात पावडरीसह तासभर भिजवला, तर कोणत्या कोपऱ्यावर थेंब टाकला होता ते शोधावे लागले. रक्त, दूध, अंडे, लहान मुलांचे ओकलेले कपडे, यांसाठी मी ही पावडर बेधडक सुचवीन, पण हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्याच्या अटीवर.

सामूची (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप; सात म्हणजे मधले) परीक्षाही घेतली. पावडरीच्या पाण्यात सामू मोजण्याची कागदी पट्टी बुडवल्यावर तो दहाच्या आसपास दिसला. दुसऱ्या भांड्यात लिंबाचा रस घालत घालत तो सहावर आणला, आणि फिल्मच्या चाळीस मिनिटांच्या कामाला तिथे तीन तास लागले. या जातीच्या प्रोटिएजच्या सक्रिय स्थानात हिस्टिडीन नावाचे एक अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) असते. सेरीन या शेजारच्या अमिनो आम्लाकडून प्रोटॉन उचलून घेणे आणि त्याला बंध तोडायला मोकळे करणे हे त्याचे काम. पाणी आम्लधर्मी झाले की हिस्टिडीनला आधीच एक प्रोटॉन चिकटलेला असतो, त्यामुळे त्याला दुसरा उचलता येत नाही आणि सगळा कारभार मंदावतो. आपल्या जठरातले पेप्सिन याच्या अगदी उलट, तीव्र आम्लातच कामाला लागते. म्हणून कपडे भिजवतानाच बादलीत लिंबू किंवा व्हिनेगर घालण्याचा जो घरगुती सल्ला फिरत असतो तो या पावडरीबरोबर पाळू नये. व्हिनेगर घालायचेच असेल तर शेवटच्या खळबळण्यात घालावे, तेव्हा विकरांचे काम संपलेले असते.

वरण-भाताच्या डागाने मला चकित केले. पिष्ट उरले आहे की नाही हे पाहायला औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडिन पुरते. पिष्ट असेल तर कपडा निळा-काळा होतो. ताज्या द्रावणात अर्ध्या तासाने निळेपणा जवळजवळ गेला होता, हे अपेक्षितच होते. पण उकळून निवलेल्या द्रावणातल्या तुकड्याचाही निळेपणा उतरलेला दिसला, आणि साध्या पावडरीत मात्र तो तसाच होता. प्रोटिएज मेले आणि अमायलेज काही प्रमाणात वाचले, असाच याचा अर्थ लागतो. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूपासून मिळणारे अमायलेज इतके चिवट असते की पिष्टापासून ग्लुकोज सिरप बनवणाऱ्या कारखान्यांत ते शंभर अंशांच्या वर वापरतात. तेव्हा ‘विकरे अमुक अंशांना मरतात’ असे सरसकट विधान मी वर्गात अनेक वर्षे करत आले, ते आता मागे घेते. प्रत्येक विकराची सोसण्याची ताकद वेगळी असते. अमायलेज आपल्या घरांना तसे परकेही नाही. नाचणीला मोड आणून केलेल्या सत्त्वाची खीर साध्या पिठाच्या खिरीपेक्षा पातळ होते, ती मोडांतल्या याच विकरामुळे.

तेलाच्या डागांवर पहिल्या धुण्यात माझी निराशा झाली होती. फोडणीच्या तेलाचे शिंतोडे उडालेला नॅपकिन धुऊन वाळवला तरी डागाची कड दिसत होती आणि मी वहीत ‘लायपेज नावापुरते’ असे लिहूनही ठेवले. तोच नॅपकिन चार दिवसांनी पुन्हा धुतला तेव्हा कड गेली. याचे कारण लायपेजच्या स्वभावात आहे. भरपूर पाण्यात आणि फेसात त्याला तेलाच्या पृष्ठभागावर नीट बसता येत नाही. धुतलेला कपडा दोरीवर वाळत असताना, ओल कमी होत जाते तेव्हा धाग्याला चिकटून राहिलेले लायपेज जोमाने काम करते, आणि तेल तुटून सुटी झालेली मेदाम्ले पुढच्या धुण्यात निघून जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय तंत्राने बुरशीकडून बनवून घेतलेले पहिले धुलाईचे लायपेज बाजारात आले, तेव्हाही त्याचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यापासूनच दिसत असे. पिशवीवर एवढे एक वाक्य छापले असते, तर माझ्यासारख्या उतावळ्या ग्राहकाने वहीत अन्यायकारक शेरा लिहिला नसता.

हळदीचा डाग मात्र कोणत्याही पाण्यात गेला नाही, आणि त्याचा दोष मी पावडरीला देणार नाही. हळदीतले कर्क्युमिन हे ना प्रथिन, ना पिष्ट, ना स्निग्ध. पिशवीतल्या तिन्ही कुलपांना ती किल्ली लागत नाही. उलट अल्कधर्मी पाण्यात ते लालभडक होते आणि नवशिक्या माणसाला डाग वाढल्याचा भास होतो. त्यावर उपाय जुनाच: ओला कपडा कडक उन्हात घालावा, कर्क्युमिन प्रकाशाने विरते. ‘सर्व डागांवर रामबाण’ असे पिशवीच्या दर्शनी बाजूला छापणाऱ्याने आमटीने माखलेला एखादा शर्ट धुऊन पाहायला हवा होता.

दुप्पट पावडरीच्या सूचनेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. एक चमच्याऐवजी दोन चमचे घेतल्यावर फिल्मची पट्टी सात-आठ मिनिटे आधी स्वच्छ झाली, चार चमच्यांनी त्यात काहीच भर पडली नाही. डाग हा घट्ट पृष्ठभाग आहे. त्यावर विकरांना बसायला जेवढी जागा, तेवढेच रेणू कामाला लागतात, बाकीचे पाण्यात रांगेत उभे राहतात. जादा पावडरीने फेस मात्र एवढा झाला की खळबळायला दोन बादल्या पाणी अधिक लागले. त्यापेक्षा वेळ वाढवणे स्वस्त पडते. तासभर भिजवणे पुरे. रात्रभर भिजवलेल्या तुकड्यात मला काही फरक दिसला नाही, कारण डागातले खाद्य संपत आले की प्रोटिएज भोवतालच्या विकरांवर आणि स्वतःच्या भाईबंदांवरही तोंड टाकते.

पाण्याच्या बाबतीत गंमत अशी की आमच्या इमारतीला कूपनलिकेचे जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले पाणी येते आणि त्यात कोणत्याही साबणाचा फेस लवकर मरतो, म्हणून मी विकरांकडूनही फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. प्रत्यक्षात नगरपालिकेच्या पाण्यात आणि या पाण्यात फिल्मच्या वेळेत फरक पडला नाही. या प्रोटिएजच्या घडीत कॅल्शियमचे अणू खिळ्यांसारखे बसलेले असतात आणि त्यांच्यामुळेच ती घडी मजबूत राहते. म्हणजे जे कॅल्शियम साबणाला मारक, तेच विकराला तारक. कपड्याला राखाडी छटा येऊ नये म्हणून जड पाण्यात पावडर किंचित जास्त घ्यावी लागते, पण ती सोड्यासाठी.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप ‘सर्व प्रकारच्या कपड्यांसाठी’ या शब्दांना आहे. रेशीम आणि लोकर ही प्रथिनेच आहेत. प्रोटिएजला अंड्याचा डाग आणि पैठणीचा धागा यांतला भेद समजत नाही; समोर पेप्टाइड बंध (प्रथिनांच्या साखळीतली जोडणी) दिसला की तो तोडायचा, एवढेच त्याला ठाऊक. फाटलेल्या जुन्या पीतांबराची एक पट्टी मी या पावडरीत तासभर याप्रमाणे पाच वेळा भिजवली आणि दुसरी साध्या पावडरीत. दोन्हींची चकाकी उतरली, कारण रेशमाला सोडाही मानवत नाही. परंतु पहिल्या पट्टीचे धागे नखाने ओढताच तुटू लागले, दुसरीचे टिकले. येवल्याहून आणलेली पैठणी, लग्नातला शेला, मुंजीचे सोवळे किंवा आजीने विणलेला लोकरी स्वेटर या भरवशावर बादलीत गेला, तर नुकसान एका धुण्यात दिसणारही नाही. दोन-तीन वर्षांनी घडीवर चीर पडेल तेव्हा पावडरीची आठवण कोणाला राहणार? सुती, टेरिकॉट आणि नायलॉन यांना मात्र काही धोका नाही, कारण त्यांच्यात पेप्टाइड बंधांची साखळी नाही.

क्लोरीनच्या ब्लीचविषयी पिशवी गप्प आहे आणि तेही योग्य नाही. ब्लीच विकराच्या रेणूवरच हल्ला करते. या प्रोटिएजच्या साखळीत २२२ क्रमांकाला मेथिओनिन असते आणि ऑक्सिडीकरण करणारी रसायने नेमकी तिथेच घाव घालतात. १९८० च्या दशकात ते एक अमिनो आम्ल बदलून अधिक सोशीक विकर तयार करण्यात आले आणि प्रथिनांच्या अभियांत्रिकीचा तो सुरुवातीचा एक गाजलेला प्रयोग ठरला. विकरांना प्रयोगशाळेत उत्क्रांत करण्याच्या पद्धतीसाठी २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अरनॉल्ड यांचे आरंभीचे कामही याच कुळातल्या एका प्रोटिएजवर झाले आहे. एवढी विद्या पणाला लागलेल्या वस्तूवर बाटलीभर ब्लीच ओतू नका, हे छापायला पिशवीवर जागा नक्कीच होती.

पावडरीतले निळे-हिरवे दाणे म्हणजेच विकरे, असा आमच्या शेजारणींचा समज आहे. बहुतेकदा ते नुसते रंगवलेले क्षार असतात. खरी विकरे आवरण चढवलेल्या दाण्यांत बंद असतात आणि त्यामागे एक दुःखद इतिहास आहे. १९६९ साली ब्रिटनमधल्या पावडर-कारखान्यांतील कामगारांना विकरांच्या धुळीमुळे दम्यासारखा त्रास होत असल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर ही धूळ आवरणात कोंडण्याच्या रीती विकसित झाल्या. माझ्या पिशवीतली पावडर ओतताना धूळ जवळजवळ उडाली नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवते. हाताला चिरा असतील तर मात्र हातमोजे घालावेत. साठवणीतही एक काळजी हवी: कोरडी असेपर्यंत विकरे निजलेली असतात, ओल लागली की जागी होतात आणि वाया जातात. दुकानदाराने हा माल दाराशी, थेट उन्हात रचून ठेवला होता. मी आतल्या फळीवरची पिशवी मागून घेतली आणि घरी येताच घट्ट झाकणाच्या डब्यात ओतली.

आमच्याकडे धुणे करायला येणाऱ्या मावशींचे मत वेगळे होते. फेस कमी, म्हणून पावडर भेसळीची, असा त्यांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. त्यांच्यासाठी मी डब्यावर कागद चिकटवला: पाणी हाताला सोसेल असे, एक चमचा, एक तास, रेशीम-लोकर नाही, ब्लीच नाही. मावशींनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, “ताई, हाताला सोसेल तेवढंच पाणी मी घेते, हात तर माझाच घालायचा असतो ना.” तो नॅपकिन दुसऱ्या धुण्यातून निघाल्यावर त्यांनी फेसाचा विषय काढलेला नाही. पहिली पिशवी संपली तेव्हा मी दुसरी आणली, या वेळी अर्ध्या किलोची, कारण ती नातवाचे कपडे, चादरी आणि स्वयंपाकघरातली फडकी यांच्यापुरतीच लागते. बाकीचे धुणे साध्या पावडरीतच चालले आहे.